मष्णू मास्तरांची घरफेरी

मष्णू मास्तरांना वर्ग सांभाळता येत नसे. हे मी त्यांची निंदा म्हणून सांगत नाही, ते स्वतःच सांगत. ते जांबोटीकडचे, रानातल्या एका वाडीतले. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाले, ट्रेनिंग झालं आणि वडगावच्या मराठी शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून लागले. आवाज मऊ, अंगकाठी किरकोळ. ते फळ्यासमोर उभे राहिले की मागच्या ओळीतली पोरं आधी कुजबुजत, मग मोठ्यानं बोलत, मग सरळ एकमेकांच्या टोप्या उडवत. मास्तर छडी उचलत आणि परत ठेवत. शेजारच्या वर्गातून मारुतीराव मास्तर येऊन नुसते दारात उभे राहिले की सगळं चिडीचूप होई.

हेडमास्तरांनी दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि त्यांना बिगरीचा, अगदी लहान पोरांचा वर्ग दिला. बिगरीत गोंगाट चालतो. त्याच्याबरोबर आणखी एक काम दिलं. जी मुलं शाळेत येईनाशी होत त्यांच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं आणि मुलाला परत आणायचं. हे काम कुणालाच नको असे. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या गल्ल्यांत शाळेचा माणूस दिसला की लोक तो कर वसूल करायला आल्यासारखं त्याच्याकडे बघत. पण मष्णू मास्तरांना ते काम मानवलं. कुणीही समोर एकटं असलं की त्यांना बोलता येई. गर्दी झाली की त्यांचं तोंड मिटे.

मी त्या शाळेत मास्तर म्हणून लागलो १९३८ साली. ही हकिगत त्याच्या आधी दहा-अकरा वर्षांची. मला ती काही मष्णू मास्तरांनी सांगितली, काही मारुतीरावांनी. शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलं.

विणकराचं घर म्हणजे माग आणि मागाच्या भोवती उरलेल्या जागेत माणसं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला घरधनी, समोर ताणलेलं लुगडं. धोटा इकडून तिकडे सटासट पळतो आणि प्रत्येक फेरीला फणी खाडकन आदळते. दिवसभर तोच आवाज, आपल्या घरातला आणि भिंतीपलीकडचाही. मास्तर अशा घरात गेले की शाळेचं नाव आधी काढत नसत. खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत. किती हात झालं, किनार कसली धरलीय, विचारत. घरधनी बोलायला लागला की मग हळूच पोराचं काढत. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. शाळेनं घर पाहिलेलं नाही आणि घरानं शाळा. मधे पोरगं एकटंच ये-जा करतं, आणि दोन्हीकडचा मार खातं. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना एकदा समोरासमोर बसवलं तर निम्मी दुखणी बरी होतील, असं ते म्हणत. काही मुलं त्यांनी खरोखर परत आणलीही. एका मुलीला धाकटं भावंड कडेवर घेऊन वर्गात बसायची परवानगी त्यांनी हेडमास्तरांकडून मिळवली होती. त्याचं त्यांना फार कौतुक वाटे.

तम्मण्णा विणकराचा परशराम तिसरीत होता, मारुतीरावांच्या वर्गात. पोरगा दहाएक वर्षांचा, गोरटेला, शांत. मारुतीरावांची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती. पोरगं मग्रूर आहे. प्रश्न विचारला तर तोंडाकडे बघत राहतं, कधी हसतं, कधी भलतंच उत्तर देतं. मारुतीराव कडक होते, पण दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग एकाच खोलीत होते, आणि वर्षाच्या शेवटी शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांपुढे प्रत्येक पोराची पाठांतरं, हिशेब, शुद्धलेखन उभं करायचं होतं. परशराम रोज छडी खाई. मग एक दिवस तो दिसेनासा झाला. पंधरवडा उलटला तसं हेडमास्तरांनी मष्णू मास्तरांना पाठवलं.

घरी जाऊन बघतात तर आईबापांना पत्ता नाही. पोरगं रोज पाटी-दप्तर घेऊन वेळेवर निघत होतं आणि शाळा सुटायच्या वेळी परत येत होतं. दिवसभर ते रंगाऱ्यांच्या आवाराशी बसे, तिथं रंगवलेलं सूत वाळत घातलेलं असे. तम्मण्णानं माग थांबवला. तो हाडाचा सरळ माणूस, पण शाळेचा त्याला धाक होता. मास्तरांनी त्याला समजावलं की एकदा शाळेत या, त्याच्या मास्तरांशी बोला, दोघं मिळून काय ते ठरवू. तम्मण्णा म्हणाला की आपण कधी शाळेची पायरी चढलो नाही. मास्तर म्हणाले, मी असतो बरोबर.

दुसऱ्या दिवशी तम्मण्णा डोक्याला पटका बांधून आला. मारुतीरावांना मुद्दाम काही वाईट करायचं नव्हतं, पण त्यांना वर्ग सोडून बाहेर येता येईना. त्यांनी तम्मण्णाला दारातच उभं केलं आणि दोन्ही वर्गांदेखत सगळं सांगितलं. तुमचा मुलगा मठ्ठ असता तर मला वाईट वाटलं नसतं, पण तो उद्धट आहे. आम्ही विचारतो आणि तो आमच्या तोंडावर हसतो. घरी वळण लावायला नको का? पोरं ऐकत होती. त्यांत तम्मण्णाच्या भावकीतली, गल्लीतली पोरं होती. तम्मण्णा मान खाली घालून व्हय, व्हय म्हणत राहिला. मष्णू मास्तर शेजारी उभे होते. समोर एवढा वर्ग होता. ते एक शब्द बोलू शकले नाहीत.

त्या संध्याकाळी तम्मण्णानं पोराला मारलं. एरवी तो हात उचलणारा माणूस नव्हता. म्हणूनच कुठं मारावं तेही त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परशराम शाळेत आला तेव्हा त्याचा डावा कान सुजून लाल झाला होता आणि सदऱ्याच्या खांद्यावर कानातून आलेल्या पाण्याचा डाग होता.

पोरगं आता रोज येऊ लागलं. हेडमास्तर मष्णू मास्तरांना म्हणाले, काम चोख केलंत. मास्तरांनी तो कान बघितला होता. त्यांना जेवण गेलं नाही, असं त्यांची बायको मालुबाई मला पुढं सांगत होती.

काही दिवसांनी मारुतीराव कसल्याशा कामासाठी गावाला गेले आणि तिसरी-चौथी मष्णू मास्तरांच्या गळ्यात पडली. गोंगाट व्हायचा तो झालाच. मास्तरांनी शुद्धलेखन घातलं, म्हणजे आपण वाचायचं आणि मुलांनी पाटीवर लिहायचं. वाचता वाचता ते खोलीतून फिरत होते. मागं गेले तेव्हा त्यांचं लक्ष परशरामाकडे गेलं. सगळ्यांच्या पेन्सिली चालत होत्या, याची थांबलेली. मास्तर फिरून पुढं आले, त्याच्यासमोर उभं राहून वाचू लागले, तशी त्याची पेन्सिल चालली. अक्षर मोत्यासारखं. पण शब्द मधेच तुटलेले, अर्धे भलतेच. मास्तरांनी पुन्हा मागं जाऊन त्याला हाक मारली. सगळी पोरं वळली, परशराम वळला नाही. शेजारच्यानं कोपर मारल्यावर तो वळला आणि हसला.

ते हसणं कसलं होतं ते मास्तरांना तेव्हा कळलं. काही समजलं नाही म्हणजे तो हसत असे. मारातून सुटण्यासाठी त्याला दुसरं काही येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर ते तडक तम्मण्णाच्या घरी गेले. तम्मण्णा सूत आणायला बाजारात गेला होता. बायाक्का, परशरामाची आई, मागासाठी कांड्यांवर सूत भरत बसली होती. मास्तरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की लहानपणी गोवर आला, तेव्हापासून कान वाहतो. लसूण घालून तेल कढवून घातलं, विभूती लावली, वाहायचा थांबला नाही. हळूहळू ऐकायला कमी झालं.

मास्तर म्हणाले, “आक्का, मग शाळेत हे कुणाला सांगितलं न्हाईसा?”

ती म्हणाली, “कुणी इचारलंच न्हाय. आन् आमच्या घरात मास्तर, सगळीच ओरडून बोलत्यात. माग चालू असला की हातानंच सांगाय लागतं. त्येला समदं कळतंय की घरात.”

ते खरं होतं. मागाच्या घरात सगळेच एकमेकांच्या समोर येऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन, हातवारे करून बोलत. त्या आवाजात ऐकणारा आणि न ऐकणारा सारखाच. तम्मण्णालाही पोराचं बहिरेपण कधी जाणवलं नव्हतं. बाहेर शाळेत मात्र माणसं लांबून आणि पाठ फिरवून बोलत.

मारुतीराव गावाहून आले तेव्हा मष्णू मास्तर त्यांच्या घरी गेले. वर्गात नको, शिक्षकांच्या खोलीतही नको, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं.  मारुतीरावांनी विचारलं की कान त्या दिवशी सुजला होता तो बापानं मारल्यामुळे का. मष्णू मास्तर म्हणाले, व्हय. मारुतीराव उठून आत गेले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून परशराम पहिल्या ओळीत, मास्तरांच्या खुर्चीसमोर बसू लागला. मारुतीराव त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलत. फळ्यावर लिहिताना थांबत, वळत, मग बोलत. त्यांच्यासारख्या माणसाला ही सवय लावून घेणं सोपं नव्हतं. मला ते म्हणाले होते की पहिल्या आठवड्यात मान दुखून आली. पण पोरगं बोलू लागलं. हिशेबात तर ते आधीपासूनच हुशार होतं, ते आता दिसू लागलं. एकदा त्यानं चौथीचं उदाहरण तिसरीत बसून सोडवलं. मारुतीरावांनी पाटी उचलून दोन्ही वर्गांना दाखवली.

मग मष्णू मास्तरांनी आणखी एक गोष्ट घडवून आणली. मारुतीरावांना ते तम्मण्णाच्या घरी घेऊन गेले. त्या गल्लीत घरी येऊन बसलेला तो पहिलाच वर्गमास्तर. मारुतीराव कोट सावरत खड्ड्याच्या काठावर बसले. तम्मण्णा आधी गोंधळला. मग त्यानं नव्या लुगड्याचा पदर उलगडून दाखवला, आणि मारुतीरावांनी नक्षीतली घरं कशी मोजता म्हणून विचारलं, तसं तो मोकळा झाला. मारुतीराव म्हणाले की तुमच्या मुलाला माझ्याकडून फार मार बसला. तम्मण्णा म्हणाला, “माझ्याकडनं बी बसला.” बायाक्कानं चहा दिला. परशराम दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. मष्णू मास्तर म्हणत, माझ्या नोकरीत तेवढी एक दुपार कामाची. बाकीची सगळी चालण्यात गेली.

कानाचं काही होतं का बघावं म्हणून मास्तर तम्मण्णाला आणि पोराला बेळगावच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नळी घालून दोन्ही कान पाहिले. डाव्या कानाचा पडदा राहिलेलाच नाही, उजवाही जाणार, म्हणाले. आधीच आणायला हवं होतं, आता फार उशीर झालाय. तम्मण्णानं विचारलं की बाहेरून काही लागून पडदा फाटतो का. डॉक्टर म्हणाले, आधीच नासलेला असला तर एका थपडेनंही जातो. परतीच्या वाटेवर तम्मण्णा मास्तरांच्या चार पावलं पुढं चालत होता. शहापूर येईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट आणखी सांगितली होती. मुंबईला बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा आहे, तिथं ठेवलं तर बोलणं टिकेल, लिहिणं-वाचणंही पुरं होईल. मष्णू मास्तरांनी आणि मारुतीरावांनी मिळून ते बायाक्काच्या कानावर घातलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ऐकू येत न्हाय त्ये सोसल मास्तर. पर तिथं रातचं रडला तर त्येचं कोण ऐकंल?”  तो विषय तिथंच संपला.

मार्च महिन्यात दिपोटी साहेबांची तपासणी ठरली. हेडमास्तरांनी मारुतीरावांना बोलावून सांगितलं की त्या दिवशी तम्मण्णाचा मुलगा घरी राहिलेला बरा. असं सगळ्याच शाळांत चाले. कच्ची पोरं त्या दिवशी आजारी पडत. हेडमास्तरांनी तो निरोप घरी पोचवायचं काम मष्णू मास्तरांना सांगितलं. मष्णू मास्तर मारुतीरावांकडे गेले. दोघंही शाळेमागच्या चिंचेखाली बसले. मारुतीराव म्हणाले की पोरगं कच्चं नाही, हिशेबात वर्गात पहिलं आहे. त्याला लपवायचं तर आपण वर्षभर काय केलं? मष्णू मास्तरांनाही तेच वाटत होतं. निरोप गेला नाही. परशराम धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आला आणि पहिल्या ओळीत बसला.

दिपोटी साहेब वाईट मनाचे नव्हते. त्यांना प्रश्न विचारताना वर्गात फिरायची सवय होती, इतकंच. ते मुलांच्या पाठीमागून जात आणि ज्याच्या मागं थांबत त्याला विचारत. परशरामाच्या मागं ते थांबले. त्यानं उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आपल्या मागं कुणी उभं आहे हे त्याला इतर पोरांच्या चेहऱ्यांवरून कळलं. तो वळला, साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसला. घाबरला की तो अजूनही हसे. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

मारुतीराव पुढं झाले आणि खुलासा केला. मुलगा कानानं अधू आहे, समोर येऊन विचारलंत तर सांगेल. दवाखान्यात दाखवलंय. साहेबांनी ऐकलं. समोर येऊन एक हिशेब घातला. परशरामानं तो बरोबर केला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मष्णू मास्तर दारातून बघत होते. त्यांना वाटलं, झालं.

दुपारी तपासणीचा शेरा लिहिताना साहेब हेडमास्तरांना म्हणाले की हा मुलगा हुशार आहे, पण बहिरा आहे. ही बहिऱ्यांची शाळा नाही. दोन वर्गांच्या शिक्षकाचा एवढा वेळ एका मुलामागं जावा हे बाकीच्यांवर अन्याय करणारं आहे. अशांसाठी मुंबईला सोय आहे, पालकांना तसं कळवावं आणि नाव पटावरून कमी करावं. हेडमास्तर हो म्हणाले. मारुतीरावांनी बोलायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, तुमची कळकळ मला दिसते, पण नियम नियम आहे.

मष्णू मास्तर मला हे सांगत तेव्हा एकाच ठिकाणी अडत. उद्धट किंवा मठ्ठ म्हणून तो त्या शाळेत चौथीपर्यंत, कदाचित पुढंही बसला असता. मठ्ठ पोरांना कुणी काढत नव्हतं. दरवर्षी वर्गात चार-पाच असायचीच. तो बहिरा आहे हे आम्ही शोधून काढलं, सगळ्यांना समजावून सांगितलं, म्हणून त्याचं नाव कटलं. 

नाव कमी झाल्याचं घरी सांगायचं काम अर्थातच त्यांचं होतं. ते गेले. तम्मण्णानं ऐकून घेतलं. रागावला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. तो म्हणाला की असू दे मास्तर, पोरगं हाताशी येईल, मागावर कानाचं काय काम. परशराम कोपऱ्यात बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मास्तरांनी त्याला कळेल अशा बेतानं सांगायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं करता येईना. त्याला कळलं होतं. त्यानं दप्तर उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मास्तर निघाले तशी बायाक्का उंबऱ्यापर्यंत आली. हळू आवाजात, न रागावता तिनं विचारलं, “मास्तर, पयल्यांदा तुमी आमच्या घरात कशाला आलतासा?”

 मास्तरांनी हा प्रश्न मला अनेकदा सांगितला, दर वेळी तिच्याच शब्दांत.

त्या वर्षअखेरीस मारुतीरावांची बदली झाली, खानापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. तपासणीमुळे झाली की नेहमीची होती, कुणी सांगू शकत नाही. मी त्यांना पुढं तिथं भेटलो तेव्हा ते पूर्वीसारखेच कडक होते. मुलांना समोर बसवून बोलायची सवय राहिली का, असं मी विचारलं. म्हणाले, नाही राहिली. एकदा केलं ते पुरे झालं.

मष्णू मास्तर मात्र संध्याकाळी तम्मण्णाच्या घरी जात राहिले. परशरामाला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. दोन-अडीच वर्षं त्यांनी नेट धरला. पाटीवर लिहून, तोंडानं सांगून, चित्रं काढून. चौथीचं पुस्तक निम्मं झालं. पण दिवसभर मागावर राबलेलं पोरगं संध्याकाळी पेंगे. शिवाय उजवा कानही जात चालला होता. आपलाच आवाज ऐकू येईनासा झाला तसं त्याचं बोलणं बदलू लागलं. शब्दांची टोकं गळू लागली. गल्लीतली पोरं त्याच्यासारखं बोलून दाखवत आणि हसत. त्याला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. तो बाहेर बोलेनासा झाला, मग घरातही कमी बोलू लागला. एकदा मास्तर त्याला एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते. त्यानं पाटी घेतली आणि भिंतीवर आपटली. दुसऱ्या दिवशी मास्तर नवी पाटी घेऊन गेले. तो मागावरून उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तम्मण्णा म्हणाला, मास्तर, त्येला आता राहू द्या.

त्यांनी मुंबईच्या शाळेचं पुन्हा एकदा काढलं. आता वय फार झालं, असं तिकडून उत्तर आलं.

मी वडगावला लागलो तेव्हा परशराम वीस-बावीस वर्षांचा होता. गल्लीत त्याला सगळे मुका म्हणत. तो मुका नव्हता, हे सांगणारं घराबाहेर मष्णू मास्तरांखेरीज कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांचंही आता कुणी ऐकत नसे. विणकामात मात्र त्याचा हात सुरेख होता. व्यापारी त्याचं लुगडं हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत. त्याच्या लग्नाची खटपट दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मुलीकडचे घर बघून परत गेले. बायाक्का एकटी त्याचं बोलणं समजू शके. तिला तो अजून काहीबाही सांगे. त्या तुटक्या आवाजांतून ती एक आख्खी गोष्ट उभी करी आणि दुसऱ्यांना सांगे. १९४१ च्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. त्यानंतर त्यानं तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. तम्मण्णाशी तो हातानं बोले, तेही मागाच्या कामापुरतं.

पुढच्या वर्षी मष्णू मास्तर निवृत्त झाले. गावी जायच्या आदल्या दिवशी ते तम्मण्णाकडे निरोप घ्यायला निघाले आणि मला बरोबर घेऊन गेले. तम्मण्णा थकला होता, भिंतीला टेकून कांड्या भरत होता. परशराम मागावर. मास्तर नेहमीसारखे खड्ड्याच्या काठाशी बसले, त्याच्या समोर, तोंड उजेडाकडे करून. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “मी गावाला चाललो. आता येणार न्हाय.” परशरामानं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली, कळलं नाही अशी. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा तशीच मान हलवली. नजर खाली वळवली आणि धोटा फेकला.

त्याला खरंच कळलं नाही की त्याला कळून घ्यायचं नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “दोन्हीत आता काय फरक हाय?”

घरोघरी जायचं काम त्यांच्यानंतर शाळेच्या शिपायावर पडलं. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मुलांची नावं पुकारी आणि परत येई. नंतर लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं, कितीतरी माग थांबले, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढली की नावं पुकारणंही बंद झालं.

१९४५ च्या सुमाराला माझ्या वर्गातल्या एका मुलीनं अचानक शाळा सोडली. नागुबाई तिचं नाव. हुशार होती. घरी काहीतरी बिनसलं होतं, पण आई बोलत नव्हती, बाप दार उघडत नव्हता, आणि मला त्यांच्याशी कसं बोलावं ते सुचत नव्हतं. सुट्टीत मी जांबोटीकडं मास्तरांच्या वाडीवर गेलो. मोटार अर्ध्या वाटेपर्यंतच जात होती, पुढं चालत. मष्णू मास्तर अंगणात भाताच्या पेंढ्या लावत होते. फार वाळले होते. मालुबाईंनी ताक दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं की चार दिवस वडगावला चला, त्या घरात एकदा बसा, तुमच्यासारखं बोलणं आम्हाला जमत नाही. निदान मी काय बोलू, कुठून सुरुवात करू, तेवढं तरी सांगा.

त्यांनी पेंढीची गाठ बांधून पुरी केली. “तिच्या घरात काय हाय, त्ये तुला ठावं न्हाय,” ते म्हणाले. “मला बी न्हाय. मग कशाला जायचं?”

मी म्हणालो, ते कळावं म्हणूनच तर जायचं ना.

“कळलं की मग कुणाला तरी सांगाय लागतंय,” मास्तर म्हणाले. ते पुढची पेंढी उचलायला वाकले. मी आणखी थोडा वेळ थांबलो. त्यांनी पावसाचं, गुरांचं, वाटेचं विचारलं. नागुबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही.

परत आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो नाही. तिचं लग्न त्याच मोसमात संकेश्वरकडे कुठंतरी झालं, असं नंतर कळलं. मष्णू मास्तर त्याच्या पुढच्या वर्षी वारले. मी वडगावला तम्मण्णाच्या घरी जाऊन ते सांगितलं. तम्मण्णानं हात जोडले. परशराम मागावर नव्हता. तम्मण्णा म्हणाला, सूतच नाही, दिवसभर बाहेर कुठंतरी बसून असतो, अंधार पडला की येतो. येईल तेव्हा त्याला कसं सांगायचं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि उठून आलो.